लघवीतला वारा, आतड्यातले फुगे आणि पिशवीची भीती

तुमचं पत्र दोनदा वाचलं. त्यातून मला उमगलं ते आधी मांडतो, म्हणजे काही चुकत असेल तर तुमच्या लगेच लक्षात येईल. आप्पांचं वय ६१. निपाणीजवळ शेती, पूर्वी सगळा तंबाखू, आता निम्म्याहून जास्त ऊस. बिडी तरुणपणापासून. गुडघ्यांसाठी मेडिकलमधून आणलेल्या दुखण्याच्या गोळ्या. दोन वर्षांत ओटीपोटात डाव्या बाजूला दुखून, ताप भरून तीनदा आजारी पडले, त्यात दोनदा ॲडमिट. दुसऱ्या खेपेला सिटी स्कॅनमध्ये ‘सिग्मॉइड डायव्हर्टिक्युलायटिस’, म्हणजे मोठ्या आतड्याच्या शेवटच्या वळणावरच्या फुग्यांना आलेली सूज, निघाला आणि आतड्याला लागून पावणेतीन सेंटिमीटरची पुवाची गाठ दिसली. ती सलाईनमधल्या अँटिबायोटिकनं जिरली. आता एक सर्जन म्हणतात, आतड्याचा तेवढा भाग काढून टाकू. दुसरे म्हणतात, पथ्य सांभाळा, कापायची गरज नाही. आणि आप्पा म्हणतात, ‘पोटाला पिशवी बांधून गावात फिरण्यापेक्षा मी असाच बरा.’

तुमचं निम्मं पत्र खाण्यावर आहे. शेंगदाण्याची चटणी चालेल का, मिरचीच्या बिया अडकतात का, भाकरी बंद करू का. त्याचं उत्तर देतोच. पण अगदी शेवटी तुम्ही एक ओळ लिहिलीय: चार महिन्यांत तीनदा लघवीचं इन्फेक्शन झालं, लघवी करताना बुडबुडे येतात असं आप्पा म्हणतात, ‘पण ते वेगळं असेल.’

ते बहुतेक वेगळं नाही. मी आधी तिथूनच सुरुवात करणार आहे, कारण ती ओळ खरी ठरली तर बाकीच्या प्रश्नांची उत्तरं बदलतात.

काही वर्षांपूर्वी खानापूर तालुक्यातले एक सत्तरीचे गृहस्थ माझ्याकडे आले होते. वर्षभर प्रोस्टेटच्या गोळ्या चालू, दर महिना-दीड महिन्याला लघवीला जळजळ, थंडी वाजून ताप. तपासताना काही विशेष सापडेना. शेवटी त्यांनी सुनेला बाहेर बसायला सांगितलं, दार लोटून घेतलं आणि खाली बघत म्हणाले, ‘डॉक्टर, लघवीच्या वाटेनं वारा सरतो.’ वर्षभरात त्यांनी हे कुणालाच सांगितलं नव्हतं. कसं सांगणार? त्यांना वाटायचं, लोक हसतील. त्या एका वाक्यानं निदान झालं. त्यांच्या मोठ्या आतड्याची आणि मूत्राशयाची भिंत एकमेकींना चिकटून मधे भोक पडलं होतं, आणि आतड्यातली हवा, घाण, जंतू रोज मूत्राशयात उतरत होते. अशा वाटेला आम्ही फिस्टुला म्हणतो. कितीही अँटिबायोटिक दिली तरी ती वाट उघडी असेतोवर इन्फेक्शन परत येणारच.

म्हणून आप्पांना नीट विचारा. साधा फेस आणि हवा यांत फरक आहे. फेस भांड्यात वर तरंगत राहतो, त्याची कारणं वेगळी असतात. हवा असेल तर धार मधेच तुटते, नळाला पाणी येण्याआधी नळ फुरफुरतो तसा आवाज होतो, आणि बहुतेक वेळा हे लघवीच्या शेवटी होतं, कारण हवा मूत्राशयात वरच्या बाजूला जमलेली असते. लघवी गढूळ आहे का, तिला शौचासारखा वास येतो का, तळाशी काळपट कण दिसतात का, हेही विचारा. यातलं एक जरी ‘हो’ असलं तर पुढची तपासणी लांबवू नका.

आता हे होतं कसं, ते थोडक्यात. मोठ्या आतड्याच्या भिंतीतून रक्तवाहिन्या जिथं आत शिरतात तिथं स्नायूचा थर जात्याच कमजोर असतो. सायकलचा टायर एखाद्या जागी विरला की आतली ट्यूब तिथून पोट काढते ना, तसंच. आतला दाब वर्षानुवर्षं वाढत राहिला की त्या जागांतून आतलं अस्तर बाहेर फुगतं. सिग्मॉइड हा गुदाशयाच्या आधीचा वळणाचा भाग, तिथं दाब जास्त, म्हणून फुगेही तिथं जास्त. नुसते फुगे असणं हा आजार नव्हे. वय वाढेल तसे ते कित्येकांना असतात, आणि बहुतेकांना आयुष्यभर त्यांचा पत्ताही लागत नाही. एखादा फुगा सुजला, त्याला बारीक छिद्र पडलं, तर तो डायव्हर्टिक्युलायटिस. छिद्राभोवती पू धरला तर गळू. ते गळू शेजारच्या मूत्राशयाला चिकटून तिकडं फुटलं तर फिस्टुला. आप्पांना दुसऱ्या खेपेला गळू झालं होतं. ते जिरलं असं स्कॅनवर दिसलं, पण जाता जाता त्यानं शेजारी वाट पाडली असणं शक्य आहे.

बायकांमध्ये आतडं आणि मूत्राशय यांच्यामध्ये गर्भाशय असतं, त्यामुळं हा प्रकार पुरुषांत जास्त दिसतो. पण गर्भपिशवी काढलेल्या बायकांना ती आड राहत नाही. आपल्या भागात अगदी लहान वयात गर्भपिशवी काढलेल्या बायका मला नेहमी भेटतात, म्हणून हे मुद्दाम सांगतो. त्यांच्यात ही वाट योनिमार्गाकडंही निघू शकते, आणि त्यांची लाज आप्पांपेक्षा मोठी असते.

तपासण्यांत सिटी स्कॅन पुन्हा करावा लागेल. फक्त एक काळजी घ्या. स्कॅनच्या आधी लघवीची नळी घातलेली नसावी. नळीबरोबरही थोडी हवा आत जाते, मग मूत्राशयात दिसलेली हवा कुठून आली ते सांगता येत नाही. लघवीच्या कल्चरमध्ये, म्हणजे जंतू वाढवून बघायच्या तपासणीत, एकाहून जास्त जातींचे आतड्यातले जंतू निघाले तर तीही एक खूण. एक जुनी, साधी आणि भरवशाची चाचणी तर स्वयंपाकघरातलीच आहे: ५० ग्रॅम खसखस दह्यातून खायला देतात आणि पुढचे दोन दिवस लघवी गाळून बघतात. खसखशीचे दाणे लघवीत सापडले तर वाट आहे, दुसरं काही सिद्ध करायला नको. ही डॉक्टरांना विचारून करा, मधेच अटॅक, म्हणजे आतड्याचं दुखणं उठलेलं, असताना नको.

कोलोनोस्कोपी, म्हणजे मागच्या बाजूनं दुर्बीण घालून केलेली तपासणी, आप्पांची झालेली दिसत नाही. ती व्हायलाच हवी. अटॅक चालू असताना करत नाहीत, सुजलेलं आतडं फुटण्याची भीती असते. साधारण सहा ते आठ आठवड्यांनी करतात. कारण एकच: आतड्याचा कॅन्सरसुद्धा स्कॅनवर कधी कधी हुबेहूब असाच दिसतो, आणि तोही मूत्राशयात वाट पाडू शकतो. मी घाबरवत नाही. बहुतेक वेळा कॅन्सर निघत नाही. पण ऑपरेशन कसं करायचं, किती भाग काढायचा, हे त्यावर ठरतं, म्हणून ते आधी कळलेलं बरं.

मग दोन सर्जनांची दोन मतं का? माझा अंदाज असा आहे की दुसऱ्या डॉक्टरांना लघवीचं कुणी सांगितलंच नसेल. नुसते तीन अटॅक आणि जिरलेलं लहान गळू एवढंच समोर असतं तर ‘थांबून बघू’ हे मत चुकीचं नाही. मी स्वतः असं अनेकांना सांगितलंय.

मी एम.एस. करत होतो तेव्हा, नव्वदच्या दशकात, आम्हाला सरळ हिशेब शिकवला होता: दोन अटॅक झाले की आतडं काढा. त्या काळी वाटायचं, प्रत्येक पुढचा अटॅक मागच्याहून वाईट असणार. नंतर हजारो रुग्णांच्या नोंदी तपासल्या गेल्या आणि उलटंच दिसलं. आतडं मोकळं फुटून पोटभर पू पसरण्याचा धोका सगळ्यात जास्त पहिल्याच अटॅकला असतो. पुढच्या अटॅकना आजूबाजूची चरबी, आतड्याची घडी येऊन चिकटते, ती एक प्रकारे कुंपणच घालते. २००६ साली अमेरिकेतल्या कोलोरेक्टल सर्जनांच्या संघटनेनं अटॅक मोजून ऑपरेशन ठरवण्याचा नियम सोडला आणि प्रत्येक माणसाचं त्याच्या परिस्थितीवरून ठरवा असं म्हटलं. त्यामुळं कुणी तुम्हाला ‘तिसरा अटॅक झाला म्हणून करायचं’ एवढंच कारण दिलं, तर पुढं विचारा.

मला ऑपरेशनकडं नेणारी कारणं वेगळी आहेत. फिस्टुला. आतडं आकसून शौच अडकायला लागणं. मोठं गळू, ज्यात सुई-नळी घालून पू काढावा लागला. किडनी बदललेले किंवा कायम स्टिरॉइडवर असलेले रुग्ण, ज्यांचं शरीर झुंज देऊ शकत नाही. कॅन्सरची शंका दूर होत नसेल तर. आणि अजून एक, जे रिपोर्टवर दिसत नाही: दोन अटॅकच्या मधे माणूस बरा असतो की नाही. नेदरलँड्समध्ये परत परत उठणाऱ्या किंवा सतत सलणाऱ्या दुखण्याच्या रुग्णांत ऑपरेशन आणि औषधोपचार यांची तुलना झाली. सहा महिन्यांनी ऑपरेशनवाल्यांचं जगणं जास्त सुखाचं होतं, पण त्यांतल्या काहींना ऑपरेशनचे गंभीर त्रासही भोगावे लागले. दोन्ही बाजू खऱ्या आहेत. जो माणूस बारा महिने पोट धरून बसतो, लग्नाला जात नाही, प्रवास टाळतो, त्याला मी ऑपरेशन सुचवतो. जो वर्षातून एकदा चार दिवस आजारी पडतो आणि बाकी उसात राबतो, त्याला सुचवत नाही.

आप्पांचा फिस्टुला खरा निघाला तर माझं मत स्पष्ट आहे: ठरवून, तयारीनं, ऑपरेशन करा. ही वाट आपोआप बुजेल याची आशा फार कमी. अगदी थकलेल्या, हृदय कमजोर असलेल्या माणसाला कधी आम्ही औषधांवर ठेवतो. पण तुम्ही लिहिता आप्पा अजून स्वतः पाणी पाजायला रानात जातात. असा माणूस हे ऑपरेशन सोसतो.

आता पिशवी. या शब्दानंच निम्मा घोळ घातलाय. डॉक्टर सांगतात, ‘आतड्यात पिशव्या आहेत’, आणि नंतर म्हणतात, ‘कदाचित पोटावर पिशवी लागेल.’ रुग्णाच्या मनात दोन्हींची सरमिसळ होते. मला एका बाईंनी विचारलं होतं, आतल्या पिशव्या बाहेर काढून लावणार का? तेव्हापासून मी आतल्यांना फुगेच म्हणतो.

बाहेरची पिशवी कधी लागते ते नीट समजून घ्या, कारण आप्पांचं सगळं इथंच अडलंय. ऑपरेशन ठरवून केलं, आतडं रिकामं आणि सूज उतरलेली असली, तर खराब तुकडा काढून दोन टोकं त्याच वेळी जोडता येतात. बहुतेकांना पिशवी लागत नाही. जोड फार खाली आला किंवा ऊती खूप खराब दिसल्या तर सर्जन लहान आतड्याचं तोंड काही काळ पोटावर काढतो, म्हणजे जोडाला विश्रांती मिळते. ही तात्पुरती पिशवी साधारण दोन-तीन महिन्यांनी एका छोट्या ऑपरेशननं बंद करतात.

कायमच्या पिशवीची भीती खरी कुठं असते? आतडं फुटून, पोटभर पू किंवा घाण पसरून, रात्री बेरात्री माणूस आणला जातो तेव्हा. किती पसरलंय याची प्रतवारी १९७८ साली हिंची या सर्जननं मांडली, ती आजही आम्ही वापरतो. पहिल्या दोन पायऱ्या म्हणजे आतड्याजवळचं आणि ओटीपोटातलं गळू, तिसरी म्हणजे पोटभर पू, चौथी म्हणजे पोटभर शौच. तिसऱ्या-चौथ्या पायरीवर बरेच सर्जन हार्टमन ऑपरेशन करतात: खराब भाग काढायचा, खालचं टोक शिवून बंद करायचं, वरचं टोक पोटावर काढायचं. हार्टमन या फ्रेंच सर्जननं १९२१ साली ते कॅन्सरसाठी सुचवलं होतं. जीव वाचवणारं ऑपरेशन आहे ते. पण पुन्हा जोडायचं ऑपरेशन मोठं असतं, आणि कित्येकांचं ते कधीच होत नाही. वय, हृदय, पैसा, कंटाळा, काहीतरी आड येतं. नेदरलँड्स, बेल्जियम आणि इटलीतल्या दवाखान्यांनी मिळून फुटलेल्या आतड्याच्या, पण रक्तदाब टिकून असलेल्या रुग्णांत बघितलं: लगेच जोड दिलेल्यांपैकी वर्षभरानं सुमारे ९५ टक्के पिशवीशिवाय होते, हार्टमन केलेल्यांपैकी सुमारे ७२ टक्के. तेव्हा फुटलेल्या आतड्यातही जोड देण्याचा विचार आता होतो, पण त्याला तसा अनुभवी सर्जन आणि तशी परिस्थिती लागते. रात्री दोन वाजता ती मिळेलच असं नाही.

म्हणून आप्पांना हे सांगा: पिशवी नको म्हणून ऑपरेशन टाळायचं, हा हिशेब त्यांच्या बाबतीत उलटा पडण्याची शक्यता आहे.

तरीही पिशवी लागू शकते ही गोष्ट मी कुणापासून लपवत नाही. आणि लागलीच तर ती कुठं लागते याला फार महत्त्व आहे. हे मी एका चुकीतून शिकलो. वीसेक वर्षांपूर्वी आतडं फुटलेला एक शेतकरी मध्यरात्री आला. जीव वाचवायची घाई होती. मी त्याचं आतड्याचं तोंड बरोबर करदोट्याच्या रेषेत काढलं. तो झोपलेला असताना जागा छान दिसत होती. घरी गेल्यावर तो मांडी घालून बसला की पोटाची घडी तिथंच पडायची, पिशवीची चकती उचलायची आणि गळायचं. आठ महिने तो पंगतीला बसला नाही. चूक माझी होती, आणि ती त्यानं भोगली.

तेव्हापासून ठरवून केलेल्या प्रत्येक ऑपरेशनच्या आदल्या दिवशी, पिशवी लागण्याची शक्यता थोडी जरी असली, तरी मी किंवा आमची सिस्टर रुग्णाला उभं करतो, खुर्चीवर बसवतो, खाली मांडी घालून बसवतो, उकिडवं बसवतो, वाकायला लावतो. धोतर नेसत असेल तर धोतर नेसून, पँट घालत असेल तर पट्टा बांधून. करदोटा कुठं बसतो, नऊवारीचा ओचा कुठं येतो, जुना व्रण कुठं आहे, घड्या कुठं पडतात, हे बघून सपाट जागी, त्याला स्वतःला दिसेल अशा ठिकाणी, न पुसणाऱ्या पेननं फुली मारतो. दहा मिनिटांचं काम आहे. तुमच्या सर्जनना हे नक्की विचारा: ‘पिशवीची जागा आधी खूण करणार का, आणि कोण करणार?’

पिशवीचं रोजचं असं असतं: बाहेर आलेलं आतडं लालभडक, ओलसर, गुलाबाच्या कळीएवढं दिसतं. त्याला हात लावला तरी दुखत नाही, तिथं तशा नसाच नसतात. आजूबाजूची चामडी मात्र नाजूक. कोमट पाण्यात भिजवलेल्या मऊ सुती कापडानं पुसायचं, साबण-तेल नको, पूर्ण कोरडं करायचं. चकतीला कात्रीनं भोक पाडायचं ते आतड्याच्या तोंडापेक्षा दोन-तीन मिलिमीटरच मोठं. जास्त मोठं झालं की चामडी सोलते, आणि पिशवी गळण्याच्या बहुतेक तक्रारी इथंच सुरू होतात. पिशवी एक तृतीयांश भरली की रिकामी करायची. चकती नीट बसली तर तीन-चार दिवस टिकते, उन्हाळ्यात घामानं लवकर सुटते. लहान आतड्याची पिशवी असेल तर पातळ शौच होतं. दिवसाला दीड लिटरच्या वर गेलं, लघवी कमी झाली, पायात गोळे आले तर नुसतं पाणी पीत बसू नका, ओआरएस सुरू करा आणि डॉक्टरांना गाठा. बाकी, पिशवी घेऊन माणसं रानात जातात, एसटीनं फिरतात, माझा एक रुग्ण पिशवी असतानाच आषाढीला पंढरपूरला चालत जाऊन आला.

ऑपरेशनचं थोडक्यात सांगतो. पोटाला लहान छिद्रं पाडून दुर्बिणीनं किंवा पोट उघडून सिग्मॉइड काढतात आणि वरचं आतडं गुदाशयाच्या वरच्या भागाला जोडतात. कापायची खालची रेघ तिथपर्यंत न्यावीच लागते. सिग्मॉइडचा थोडा तुकडा खाली राहिला तर आजार परत उठतो. वरचे सगळे फुगे मात्र काढत नाहीत, गरज नसते. मूत्राशयातलं भोक बहुधा लहान असतं, शिवतात आणि लघवीची नळी आठवडा-दहा दिवस ठेवतात. नळी कधी काढतील याची आप्पांना आधीच कल्पना द्या, नाहीतर तिसऱ्या दिवसापासून ते तिच्याशी भांडतील. सुजेमुळं डावीकडची मूत्रनलिका, म्हणजे किडनीतून मूत्राशयाकडं लघवी आणणारी नळी, आतड्याला चिकटलेली असू शकते. तिला धक्का लागू नये म्हणून काही सर्जन आधी तिच्यात बारीक नळी घालून घेतात. सगळ्यात मोठी काळजी जोड गळण्याची. पहिल्या आठवड्यात ताप, नाडी जलद, पोट फुगणं, माणूस अचानक मलूल होणं, यांतलं काही दिसलं तर सिस्टरला लगेच सांगा. तुमचा सर्जन वर्षाला अशी किती ऑपरेशन करतो आणि त्यात जोड गळण्याचं प्रमाण किती, हे विचारणं उद्धटपणा नाही. चांगला सर्जन रागावत नाही.

तयारीतली मोठी गोष्ट बिडी. निपाणीत बिडीबद्दल बोलणं म्हणजे घरच्याच भाकरीबद्दल बोलणं, मला ठाऊक आहे. पण धुरानं जोडाचा रक्तपुरवठा कमी होतो, आणि हा आजार चिघळण्याशीही बिडी-सिगरेटचा संबंध दिसलाय. किमान चार आठवडे आधी पूर्ण बंद. ‘कमी केलीय’ चालत नाही. दुसरी, गुडघ्याच्या गोळ्या. डायक्लोफेनॅक, आयब्युप्रोफेन या जातीच्या गोळ्या आणि स्टिरॉइड, दोन्हींमुळं फुगा फुटण्याचा धोका वाढतो. शिवाय स्टिरॉइडमुळं पोट फुटूनही दुखणं कमी जाणवतं आणि माणूस उशिरा पोचतो. आपल्याकडं बिनलेबलच्या पुड्यांतून स्टिरॉइड देणारे आहेत. आप्पा गुडघ्यासाठी नक्की काय घेतात ते पाकीट डॉक्टरांना दाखवा. तोवर पॅरासिटामॉल. मात्र कायमचं स्टिरॉइड चालू असेल तर ते एकदम तोडू नका, डॉक्टरांच्या हातानं उतरवा. शुगर असेल तर ती आटोक्यात आणा. रोज चालणं चालू ठेवा.

आणि खाणं. बिया, शेंगदाणे अडकून फुगा सुजतो हा समज डॉक्टरांनीच पसरवला, मीही वर्षानुवर्षं तेच सांगितलं. २००८ साली अमेरिकेतला एक अभ्यास आला. ४७ हजारांहून जास्त पुरुषांना १८ वर्षं पाहिलं गेलं. दाणे, मका, लाह्या खाणाऱ्यांना हा आजार जास्त झाला नाही. दाणे आणि मक्याच्या लाह्या जास्त खाणाऱ्यांना तर कमीच झाला. तेव्हा शेंगदाण्याची चटणी, कारळ्याची चटणी, वांगं, टोमॅटो, मिरची यांना दोष देऊ नका. तिखटानं पोट जळजळत असेल तर कमी करा, ते वेगळं. अटॅक चालू असताना मात्र आतड्याला विश्रांती हवी: पहिले दिवस पातळ, म्हणजे डाळीचं पाणी, पेज, नारळपाणी. मग मऊ भात, पातळ वरण, ताक. दुखणं थांबल्यावर दोन-तीन आठवड्यांत ज्वारीची भाकरी, नाचणीची आंबील, पालेभाज्या, उसळी हळूहळू आणा. एकदम आणलंत तर पोट फुगेल. १९७१ साली पेंटर आणि बर्किट या डॉक्टरांनी हा आजार कोंडा काढलेल्या अन्नाशी जोडला. ती पूर्ण कथा नव्हे, घराण्याचाही भाग असतो, पण भाकरी सोडून मैद्याच्या पावाकडं वळायचं कारण नक्कीच नाही. मटण आठवड्यातून किती वेळा होतं तेवढं बघा. पण एक लक्षात ठेवा: फिस्टुला असेल तर कुठल्याच पथ्यानं तो बुजत नाही.

खर्चाचं बघताना रेशन कार्ड घेऊन आधी आरोग्यमित्राला, म्हणजे दवाखान्यात सरकारी योजनेचं काम बघणाऱ्या माणसाला, भेटा. आयुष्मान भारत–आरोग्य कर्नाटक या सरकारी योजनेत ठरवून करायच्या मोठ्या ऑपरेशनसाठी सरकारी दवाखान्याची रेफरल चिठ्ठी लागते. ती आधी काढा, नंतर धावपळ होते. कोल्हापूरला जायचं ठरवलंत तर महाराष्ट्रानं महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजना सीमाभागातल्या ८६५ गावांना लागू केली आहे. तुमचं गाव त्यात आहे का आणि कागद कोणते, हे तिथल्या दवाखान्यातल्या आरोग्यमित्राकडून ॲडमिट होण्याआधी कळून घ्या. निपाणीहून कोल्हापूर जवळ, बेळगाव जवळजवळ दुप्पट. ऑपरेशननंतर महिनाभर फेऱ्या होणार, तेव्हा जिथं रात्री-अपरात्री परत पोचता येईल ते निवडा. आणि संमतीचा कागद इंग्रजीत किंवा कानडीत असेल तर तो मराठीत समजावून मागा. आप्पांना बाजारापुरतं कानडी येत असेल, पण माणूस आपलं दुखणं आपल्याच भाषेत सांगतो.

ऊस गेल्यावर करू का, हा प्रश्न ते विचारतीलच. ताप नसेल, लघवीचं इन्फेक्शन आटोक्यात असेल, तर काही आठवडे थांबता येतं, तसंही शेवटच्या अटॅकनंतर सहा-आठ आठवडे जाऊ द्यावे लागतात. तपासण्या मात्र उसाची वाट न बघता आत्ताच सुरू करा. आणि मधल्या काळात थंडी वाजून ताप आला, दुखणं एका बाजूचं न राहता पोटभर पसरलं, पोट फळीसारखं कडक झालं, उलट्या सुरू झाल्या, वारा सरायचा थांबला, किंवा शौचातून भरपूर रक्त पडलं, तर सकाळ होण्याची वाट बघायची नाही. गाडी काढायची, आणि जुन्या सिटी स्कॅनची फिल्म बरोबर घ्यायची, नुसता रिपोर्ट नको.

लघवीचं विचाराल तेव्हा तुम्ही एकट्यानं विचारा. रानात, बांधावर बसलेले असताना. घरात सून-नातवंडांसमोर ते ‘काही नाही’ म्हणतील.